पिकअप देऊन ॲव्हरेज घेणे : बडोद्यातील इंजिन-रूपांतराचा इतिहास

कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारीच्या इंजिनात पुढे मालकाच्या इच्छेने आणि मिस्त्रीच्या हाताने जे फेरबदल होतात, त्यांचा हिशेब गुजरातेत काय आणि महाराष्ट्रात काय, दोनच शब्दांत मांडला जातो. पहिला शब्द ‘पिकअप’, म्हणजे पाय दाबताच गाडीने घेतलेली उचल, आणि दुसरा ‘ॲव्हरेज’, म्हणजे एका मापाच्या इंधनात गाडीने कापलेले अंतर. हे दोन्ही शब्द इंग्रजीतून आले असले तरी या अर्थांनी ते इथल्या गॅरेजांतच रुळले आहेत. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या परिभाषेचा बहुभाषी कोश सिद्ध करवून घेतला, तेव्हा कचेऱ्यांतील शब्दांना देशी पर्याय मिळाले; मोटारदुरुस्तीची भाषा मात्र त्या कोशाच्या कक्षेत येण्याचे कारण नव्हते आणि ती आपल्या वाटेने वाढत राहिली.

युरोप-अमेरिकेत इंजिनातील फेरबदलाची परंपरा मुख्यतः शर्यतींच्या मैदानावर जन्मली आणि तिचे लक्ष्य पिकअप हे होते. बडोद्यात या फेरबदलाला वळण दिले ते इंधनाने. महायुद्धातील टंचाई, तेलाचे चढते भाव आणि शहराच्या दाराशी आलेला नैसर्गिक वायू या तीन निमित्तांनी इथली इंजिने बदलली गेली, आणि प्रत्येक वेळी थोडा पिकअप सोडून देऊन स्वस्त किंवा उपलब्ध इंधन घेण्याचा सौदा झाला. हा सौदा नेमका कसा होतो हे समजण्यासाठी इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाची जुजबी ओळख असणे आवश्यक आहे. पेट्रोल इंजिनाचे सिलिंडर प्रत्येक फेरीत ठरावीक आकारमानाचे मिश्रण आत ओढते, आणि त्यात जितकी हवा असेल तितकेच इंधन जळू शकत असल्याने इंजिनाची ताकद अखेर आत गेलेल्या हवेवर ठरते. पेट्रोलची वाफ या मिश्रणात पन्नास-साठ भागांत जेमतेम एक भाग जागा व्यापते, म्हणून पेट्रोलवर इंजिनाला जवळजवळ पूर्ण श्वास मिळतो. इंधन मुळातच वायुरूप असेल तर ते अधिक जागा अडवते आणि तेवढी हवा बाहेरच राहते. रूपांतरित इंजिनांच्या अशक्तपणाची पुढे येणारी बहुतेक कारणे या एका गोष्टीत सामावलेली आहेत.

यंत्राचा एक भाग बदलला की बाकीचे भागही बदलावे लागतात, हा धडा बडोदे राज्याला मोटार येण्याच्या पुष्कळ आधी मिळालेला होता. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा अडीच फुटी मापाचा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढत असत. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या नीलसन कंपनीचे वाफेचे इंजिन आणून पाहण्यात आले, परंतु बैलांच्या हिशेबाने टाकलेले हलके रूळ त्याच्या वजनाखाली टिकेनात. अखेर रूळ मजबूत केल्यावर १८७३ पासून त्या मार्गावर इंजिने नियमित धावू लागली. गाडीत जादा ताकदीचे इंजिन बसवून ब्रेक आणि क्लच जुनेच ठेवणाऱ्या हौशी मंडळींनी ही दहा वर्षांची दिरंगाई लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मोटारींच्या बाबतीत पहिले मोठे रूपांतर दुसऱ्या महायुद्धाने घडवले. हिंदुस्थानात १९४१ मध्ये पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात जाऊन तिथल्या तेलविहिरी हातच्या गेल्यावर टंचाई अधिकच तीव्र झाली. संस्थानी मुलखालाही पेट्रोल बाहेरूनच येत असल्याने गायकवाडी हद्दीत वेगळी सुबत्ता असण्याचा संभव नव्हता. या काळात देशभर बस आणि मालमोटारींच्या पाठीशी किंवा बाजूला लोखंडी उभट भट्टी बसवण्याची पद्धत आली, आणि अशा वाहनांना लोक ‘कोळशाच्या गाड्या’ म्हणू लागले. या भट्टीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला जाई. त्यामुळे पूर्ण ज्वलन न होता कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन यांचा ज्वलनशील वायू तयार होई, जो गाळून व थंड करून इंजिनाकडे नेला जात असे. या वायूला प्रोड्यूसर गॅस म्हणतात. त्याचा निम्म्याहून अधिक भाग हवेतून आलेल्या निरुपयोगी नायट्रोजनचा असतो, आणि तो जाळण्यासाठी साधारण त्याच्याइतकीच हवा मिसळावी लागते.

याचा अर्थ असा की सिलिंडरच्या निम्म्या जागेत इंधन आणि निम्म्या जागेत हवा राहत असे, आणि त्या इंधनाचाही मोठा हिस्सा जळणारा नसे. परिणामी इंजिनाची ताकद पेट्रोलवरच्या मानाने एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटे. चढावर उतारूंनी खाली उतरून बस हलकी करण्याच्या त्या काळच्या कथा अतिशयोक्त वाटल्या तरी गणिताशी पूर्ण सुसंगत आहेत. शिवाय सकाळी भट्टी पेटवून, पंख्याने वारा घालून, वायूला जोर येईपर्यंत थांबावे लागे. गाळण्या वरचेवर साफ कराव्या लागत, अन्यथा राख आणि धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा झिजत. आणि कार्बन मोनॉक्साइड विषारी असल्याने बंद छपराखाली भट्टी पेटती ठेवणे जिवावर बेतू शके. इंधनाचा हिशेब मात्र वाईट नव्हता, कारण एक लिटर पेट्रोलचे काम साधारण दीड किलो कोळशात भागत असे आणि कोळसा समुद्रापलीकडून आणावा लागत नसे. युद्ध संपून पेट्रोल पुन्हा मिळू लागताच या भट्ट्या उतरवल्या गेल्या. इंजिन आतून कोणी बदलले नव्हते, केवळ त्याच्या तोंडाशी वेगळे इंधन आणून ठेवले होते, म्हणूनच ही माघार सहज शक्य झाली.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १८९० चे कलाभवन तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा म्हणून सामावले गेले. त्रिभुवनदास गज्जर यांनी उभ्या केलेल्या या संस्थेने कारागिराला शास्त्र आणि शास्त्राला हत्यार देण्याचे जे वळण शहराला लावले, त्याला आता कारखान्यांची जोड मिळाली. विश्वामित्री भागात १९५९ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्तान ट्रॅक्टर्स या कंपनीत पुढे चेक सहकार्याने झेटर बनावटीचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. डिझेल इंजिन उघडून पुन्हा बांधणे ही ज्या शहरात नित्याची गोष्ट झाली, तिथे दुसऱ्या रूपांतराला लागणारे हात आधीपासून तयार होते.

हे दुसरे रूपांतर डिझेलचे होते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. भारतात पेट्रोलवर कराचा बोजा जड आणि शेती व मालवाहतुकीसाठी लागणारे डिझेल त्या मानाने स्वस्त, अशी व्यवस्था असल्याने जीप आणि ॲम्बेसिडरसारख्या गाड्यांचे पेट्रोल इंजिन काढून तिथे डिझेल इंजिन बसवणे देशात अनेक ठिकाणी किफायतशीर ठरू लागले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबून इतकी तापवली जाते की त्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. या दाबण्याच्या प्रमाणाला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात आणि ते जितके जास्त तितका उष्णतेतला मोठा वाटा कामी येतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते, ही गोष्ट ॲव्हरेजची तुलना करताना सहसा कोणी वजा करत नाही. या सौद्यात पिकअप किती गेला हे ॲम्बेसिडरच्या आकड्यांतून स्पष्ट दिसते. १९८० च्या सुमारास कारखान्यानेच बाजारात आणलेल्या डिझेल ॲम्बेसिडरचे इंजिन पेट्रोल इंजिनाइतकेच, म्हणजे १४८९ घनसेंटिमीटरचे होते. पेट्रोलवर जिथे सुमारे ५० अश्वशक्ती मिळे तिथे डिझेलवर ३७ मिळत. तरीही टॅक्सीवाल्यांनी ती पसंत केली. भाडे किलोमीटरवर मिळते, वेगावर नाही, हा त्यांचा हिशेब बिनतोड होता.

रिक्षांच्या बाबतीत स्वस्ताईचा मार्ग याहून निसरडा होता. टू-स्ट्रोक रिक्षाच्या पेट्रोलमध्ये शिधापत्रिकेवरचे रॉकेल मिसळण्याची चाल देशातील अनेक शहरांप्रमाणे गुजरातेतही होती. रॉकेलचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची त्याची क्षमता, पेट्रोलच्या मानाने फार कमी असतो. त्यामुळे इंजिन ठोके देऊ लागते, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन धरतो. ठोके थांबवायचे तर हेडखाली जादा पॅकिंग घालून कॉम्प्रेशन उतरवणे हा एक उपाय, पण तसे करताच उष्णतेचा कामी येणारा वाटा घटतो आणि रॉकेलच्या भावात वाचलेला पैसा अंशतः धुराबरोबर निघून जातो. हा प्रकार कायद्याच्या नजरेत भेसळ होता, आणि शहराच्या हवेच्या दृष्टीने तर त्याहून वाईट.

तिसरे आणि सर्वांत टिकाऊ रूपांतर वायूचे होय, आणि त्याची मुळे बडोद्याच्या भोवतालच्या भूगर्भात आहेत. खंबायतजवळ लुणेज येथे १९५८ मध्ये आणि अंकलेश्वर येथे १९६० मध्ये खनिज तेल सापडले. ते शुद्ध करण्यासाठी बडोद्यालगत कोयली येथे सोव्हिएत मदतीने उभारलेला तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. तेलाबरोबर विहिरीतून नैसर्गिक वायूही वर येतो, जो मुख्यत्वे मिथेनचा बनलेला असतो आणि गिऱ्हाईक नसेल तर विहिरीच्या तोंडाशीच जाळून टाकावा लागतो. बडोद्याच्या महापालिकेने १९७२ मध्ये हा वायू नळाने घरोघरी देण्यास प्रारंभ केला. मुंबई-कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकापासून नळाने मिळणारा गॅस दगडी कोळशापासून बनवलेला होता. विहिरीतला वायू थेट स्वयंपाकघरात नेण्यात बडोदे देशात अग्रेसर ठरले. स्वयंपाकघरातील या वीस वर्षांच्या परिचयानंतर, १९९२-९३ मध्ये गेल या सरकारी कंपनीने वाहनांसाठी दाबयुक्त नैसर्गिक वायू, म्हणजे सीएनजी, वापरण्याचा जो प्रायोगिक उपक्रम हाती घेतला त्यासाठी दिल्ली आणि मुंबई यांच्याबरोबर बडोद्याची निवड झाली, यात आश्चर्य नाही. दिल्लीत सीएनजी आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशाच्या बळावर आणि प्रदूषणाच्या धाकाने. बडोद्यात वायू आधीच मुरलेला होता आणि मोटारीकडे तो नंतर वळला. महापालिका आणि गेल यांनी २०१३ मध्ये वडोदरा गॅस लिमिटेड ही संयुक्त कंपनी स्थापून घरचा आणि रस्त्यावरचा हा वायू एका छत्राखाली आणला.

रूपांतराच्या सामग्रीला इथे ‘कीट’ म्हणतात. तिच्यातला सर्वांत जड भाग म्हणजे डिकीत आडवी बसवलेली पोलादी टाकी. साठ लिटर आकारमानाच्या या टाकीत सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दोनशे पट दाबाखाली नऊ-दहा किलो वायू मावतो आणि टाकीचे स्वतःचे वजन त्याच्या सहापट भरते. तिथून निघालेला वायू रिड्यूसरमध्ये दाब उतरवून घेतो, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मिक्सरमधून, तर नव्या गाड्यांत इंजेक्टरमधून सिलिंडरकडे जातो. चालकापुढे एक स्विच असतो, जो दाबला की गाडी पुन्हा पेट्रोलवर येते. हे तंत्र इटलीत १९३० च्या दशकापासून पो नदीच्या खोऱ्यातील वायूवर विकसित झाले, आणि लांदी रेंझो, लोवातो यांसारख्या इटालियन कंपन्यांची नावे त्यामुळेच भारतीय गॅरेजांच्या पाट्यांवर येऊन बसली.

आता पिकअपचा हिशेब. मिथेन पूर्ण जळण्यासाठी जे मिश्रण लागते त्यात तो दहा-साडेदहा भागांत एक भाग जागा घेतो. पेट्रोलचा साठावा आणि कोळशाच्या वायूचा निम्मा हिस्सा यांच्या मधोमध कुठेतरी त्याचे स्थान आहे. एवढ्याने आठ टक्क्यांच्या आसपास हवा कमी होते. त्यात भर म्हणजे पेट्रोल बाष्प होताना हवेला थंड करून अधिक दाट करते, तो लाभ वायूकडून मिळत नाही. आणि मिथेन सावकाश जळत असल्याने ठिणगी थोडी आधी पडावी लागते, ती वेळ पेट्रोलसाठी लावलेली असेल तर आणखी थोडी ताकद वाया जाते. एकूण घट साधारण दहा ते पंधरा टक्के होते आणि टाकीच्या वजनामुळे ती चालकाला त्याहून अधिक भासते. कोरडा वायू व्हॉल्व्हच्या बैठकी लवकर झिजवतो ही मिस्त्र्यांची तक्रारही निराधार नाही, कारण पेट्रोलच्या ज्वलनातून तिथे बसणारा संरक्षक थर वायूमुळे बसत नाही.

ॲव्हरेजचा हिशेब मात्र अधिक फसवा आहे. पेट्रोल लिटरने आणि सीएनजी किलोने विकला जातो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक किलो सीएनजीमध्ये ४८-४९. म्हणजे एक किलो वायू दीड लिटर पेट्रोलच्या बरोबरीचा. लिटरला १६ किलोमीटर चालणारी गाडी कीट बसवल्यावर किलोला २४ किलोमीटर चालू लागली, तर इंजिनाची कार्यक्षमता तसूभरही वाढलेली नसते, केवळ माप बदललेले असते. मालकाला खरा फायदा होतो तो ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे वायूची किंमत कमी असल्यामुळे, आणि ती किंमत करांच्या व वायुवाटपाच्या सरकारी धोरणावर उभी असल्यामुळे. ॲव्हरेज वाढला असे म्हणणाऱ्या बडोदेकराने खरे तर खर्च घटला असे म्हणायला हवे, पण गॅरेजच्या बोलीत या दोन गोष्टींना वेगळी नावे नाहीत.

कार्यक्षमता खरोखर वाढवण्याची संधी मात्र वायूमध्ये होती. मिथेनचा ऑक्टेन अंक १२० च्या वर असल्याने तो पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक दाब सोसतो. कॉम्प्रेशन रेशो ९ वरून १२ वर नेला तर आदर्श चक्राच्या गणिताप्रमाणे उष्णतेचा कामी येणारा वाटा ५८.५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर जातो. प्रत्यक्षातले आकडे बरेच कमी असले तरी सुधारणेची दिशा तीच राहते, आणि गेलेल्या पिकअपचा मोठा भाग त्यातून भरून निघू शकतो. यासाठी हेड घासावे किंवा पिस्टन बदलावे लागतात. परंतु असे इंजिन मग पेट्रोलवर ठोके देते, म्हणजे परतीची वाट बंद होते. पंप मोजके, पंपांपुढे रांगा लांब आणि शहराबाहेर पडले की वायूचा भरवसा नाही, अशा काळात कीट बसवणाऱ्या मालकाने ती वाट उघडी ठेवणे स्वाभाविकच होते. इंजिन पेट्रोलचे ठेवून त्यावर वायू चालवायचा या पद्धतीत जी ताकद गेली, ती मुख्यतः या सावधगिरीची किंमत होती, आणि कोळशाच्या भट्टीच्या वेळी चालकांनी अधिक जड दराने नेमकी हीच किंमत मोजली होती.

कायद्याने या उद्योगाकडे बराच काळ साशंकतेने पाहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांवर निर्बंध घालते. २००० मध्ये त्यात दुरुस्ती होऊन सीएनजी किंवा अन्य इंधनाच्या मान्यताप्राप्त कीटला वाट मोकळी करून देण्यात आली. कीटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत व्हावी आणि टाकीला नागपुरात मुख्यालय असलेल्या स्फोटकविषयक सुरक्षा संघटनेची मान्यता असावी, अशी व्यवस्था असल्याने बडोद्याच्या गाडीतील वायूवर देखरेखीचा बराचसा भार महाराष्ट्रातील दोन शहरांकडे आला आहे. टाकीची पाण्याच्या दाबाखाली ठरावीक मुदतीने फेरतपासणी सक्तीची असते, आणि ती टाळणाऱ्यांमुळेच या उद्योगाची बदनामी होते. मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून वाहनाने फारकत घेऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय तर पिकअप वाढवण्यासाठी रुंद सायलेन्सर किंवा वेगळे इंजिन बसवणाऱ्या तरुण हौशींना अधिकच जाचक ठरला.

या हौशींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. टर्बो असलेल्या डिझेल गाडीच्या संगणकातील इंधन आणि दाबाचे तक्ते बदलले तर ताकद लक्षणीय वाढते, कारण तिथे हवा बाहेरून अधिक कोंबता येते. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत त्याच खटपटीतून हाती फारसे लागत नाही. इंधनाच्या नळीला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवण्याची जाहिरात मात्र प्रत्येक पिढीत नव्याने होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आणि त्यांतून उल्लेखनीय लाभ दिसला नाही, तरी चुंबकाचा धंदा त्यामुळे बुडालेला नाही.

मारुतीने २०१० मध्ये कारखान्यातच कीट बसवलेल्या गाड्या आणल्यावर बाहेरच्या कीटचा बाजार आकसू लागला. कारखान्याच्या गाडीत ठिणगीची वेळ आणि वायूचे प्रमाण संगणक स्वतः सांभाळतो, व्हॉल्व्हच्या बैठकी कठीण धातूच्या असतात आणि टाकीच्या वजनानुसार मागची स्प्रिंगही बदललेली असते. डभोईच्या रुळांचा धडा इथे कारखान्यातच गिरवलेला दिसतो. कॉम्प्रेशन रेशो मात्र या गाड्यांतही पेट्रोलचाच राहिला. जीजे-०६ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या बडोद्याच्या क्रमांकाच्या हजारो गाड्यांच्या आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात आजही ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी दोन नावे असतात आणि त्यांच्यामध्ये एक तिरपी रेघ असते.